वासरू उभं कधी राहतं

रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर आणि दाढी करायच्या आधी, वैजनाथला लॅपटॉपच्या पडद्यावर आपल्या बहिणीचं नाव दिसलं. 'वर्षावलंबी-शेती' आणि 'वांगी' या दोघांच्या मधे ते बसलं होतं. 'वर्षीचं-रान', मधे आडवी रेघ घेऊन, जसं काही कायम तिथंच राहायला असावं. त्यानं आधी चष्मा पुसला. मग बशीतला उरलेला शेंगदाणा उचलून तोंडात टाकला आणि चावायचा विसरला. नऊ वर्षं या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. तनुजानं, त्याच्या बायकोनं, एकदा मुलीचा निबंध मोठ्यानं वाचताना 'वर्षा ऋतू' म्हटलं होतं आणि पटकन जीभ चावली होती, तेवढंच.

'बांधावर' हे शेतकऱ्यांनी प्रश्न विचारायचे आणि ज्याला येईल त्यानं उत्तर द्यायचं, असं एक संकेतस्थळ होतं. प्रश्नाला एखादा टॅग लावला की तो त्या नावाच्या कप्प्यात जाऊन पडायचा, आणि ज्यानं तो कप्पा धरून ठेवलाय त्याच्या मोबाईलवर घंटी वाजायची. सोय चांगली होती. पण लोकांना सोय दिली की ते तिचा उकिरडा करतात, असं वैजनाथचं मत होतं. एकट्या सोयाबीनचे त्यांनी अकरा टॅग केले होते. कुणी 'अर्जंट' नावाचा, कुणी 'कृपया-लवकर-सांगा' नावाचा, आणि एका महाभागानं तर 'नमस्कार' नावाचा टॅग काढला होता, त्यात नव्वद प्रश्न होते. सारख्या अर्थाचे टॅग शोधायचे, लहान ते मोठ्यात विलीन करायचे, रिकाम्याचं नाव पुसून टाकायचं, हे काम वैजनाथ दिवाळीपासून बिनपगारी आणि मनापासून करत होता. नांदेडातल्या एका खाजगी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो एकोणीस वर्षं साहाय्यक होता. तिथं ग्रंथपालाची खुर्ची संस्थाचालकाच्या भाच्याला मिळाली होती, आणि वैजनाथनं ओळीनं लावलेली पुस्तकं पोरं रोज उलटीपालटी करून ठेवत. इथं मात्र एक बटण दाबलं की चारशे प्रश्न मुकाट्यानं उठून दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसत आणि का म्हणून कुणी विचारत नसे. पडद्यावर त्याचं नाव नव्हतं, फक्त 'टॅग व्यवस्थापक' एवढंच होतं. ते त्याला आवडायचं. नाव नसलेल्या माणसाला कुणाचा भाचा आडवा येत नाही.

त्यानं टॅग उघडला. चोवीस प्रश्न, आणि विचारणारा एकच: शेषेराव, तालुका उमरी. त्याचा बाप. दोन वर्षांपूर्वी, प्रत्येक स्वयंसेवकानं दहा नवे सभासद आणावेत असं फर्मान निघालं तेव्हा दहावा माणूस मिळेना म्हणून त्यानंच बापूंच्या मोबाईलवर हे टाकून दिलं होतं आणि विसरला होता. टॅग म्हणजे काय हे बापूंना कळेना, तेव्हा त्यानं घाईत सांगितलं होतं, "कशाबद्दल हाय ते वरच्या चौकटीत लिहायचं, बस." आता कशाबद्दल म्हणजे गावाकडचा माणूस काय लिहिणार? तो पिकाबद्दल बोलतच नाही, रानाबद्दल बोलतो. पीक सालाचं, रान जन्माचं. बापूंनी 'तूर' लिहिलं नव्हतं, 'कीड' लिहिलं नव्हतं. 'बाभळीचं-रान', 'हाळीचं-वावर', 'देवाचा-तुकडा' आणि 'वर्षीचं-रान', अशी आपली चारही रानं त्यांनी तिथं नेऊन मांडली होती, आणि दोन वर्षांत पाचवं नाव लागलं नव्हतं.

त्या चौथ्या नावाचा सल वैजनाथला नवीन नव्हता. वर्षी जन्मली त्या साली खालच्या रानातल्या विहिरीला पाणी लागलं होतं. बापूंनी चिखलानं भरलेल्या हातांनी बाळंतिणीच्या खोलीचं दार वाजवून ते सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून ते रान वर्षीचं झालं. वैजनाथ जन्मला त्या साली काहीच झालं नव्हतं. काही म्हणजे काहीच. दहा वर्षांचा असताना त्यानं आईला विचारलं होतं, माझं रान कोणतं? केवळाबाई भाकरी थापता थापता हसली होती. "समदंच तुजं की रे, राज्या." सगळंच तुझं म्हणजे नावाचं एकही नाही, हे त्याला तिथंच चुलीपुढं कळलं, आणि त्या वयात कळलेलं पुढं काही केल्या विसरता येत नाही. सातबाऱ्यावर आता सगळीकडं त्याचंच नाव चढलं होतं. पण सातबाऱ्यावरच्या नावानं रानाला कुणी हाक मारत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यानं घरात हुकूम काढला होता, यापुढं त्याला खालचं रान म्हणायचं, आणि बापू त्याच्यासमोर तसं म्हणतही होते.

प्रश्न साधेच होते. तूर वाळून राहिली, काय करावं. हरभऱ्याला घाटे धरंनात. उत्तर देणाराही बहुतेक ठिकाणी एकच होता, किंवा एकच होती: शिवांशची आई, तालुका देवणी. पहिल्या प्रश्नाखाली तिनं तुरीबद्दल काही सांगितलंच नव्हतं. लिहिलं होतं, "आमच्या माहेरी बी असंच एक रान व्हतं. बांधाला सीताफळ व्हतं. हाय का अजून?" खाली बापू: "हाय." मग चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी बापूंनी नवा प्रश्न टाकला होता: "देवणी वासरू उभं कधी राहतं?" वैजनाथला हसू आलं. ज्या माणसानं पन्नास वर्षं गोठा राखला, अडलेल्या गाई कोपरापर्यंत हात घालून मोकळ्या केल्या, तो विचारतो वासरू उभं कधी राहतं! वासरू तासाभरात उभं राहतं हे उमरी तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि उत्तर काय, तर "आकराव्या महिन्यात. भिंतीला धरून." त्याच्यातला व्यवस्थापक आधी जागा झाला, त्याचं बोट 'चुकीची माहिती' या बटणावर गेलंसुद्धा. मग ते बोट तिथंच राहिलं. त्याच प्रश्नाखाली दोन वर्षांची बोलणी साठली होती. वासरू कुणावर गेलंय? "आज्यावर. कान बघा नुसते." वासराचे कान टोचले का? "टोचले. रडलं न्हाई." याच्याखाली परभणीच्या कुणी भल्या माणसानं लिहिलं होतं, काका, सरकारी बिल्ला मारून घ्या, फुकट आहे. वासरू आता काय काय म्हणतं? "आज्जा म्हणतं. शिकवलंय मी."

वासरू. नातू. वर्षीला मुलगा होता, शिवांश त्याचं नाव, त्याचे कान शेषेरावसारखे होते, आणि ही बातमी वैजनाथला अशी, कप्पे साफ करताना मिळत होती. त्याला राग आला. आपण ज्याला राग म्हणतोय त्यात बरंच काही मिसळलंय हे त्याला कळत होतं, पण राग म्हटलं की माणसाला पुढचं बघावं लागत नाही. वर्षी उदगीरला बी.एड.ला होती आणि तिनं देवणीच्या लिंगायत दुकानदाराच्या मुलाशी, मल्लेशशी, लग्न केलं. नोंदणी करून, फोन करून सांगितलंही. भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं वैजनाथ सगळ्यांना सांगत फिरला. भावकी आठ दिवसांत विसरली, तो नाही विसरला. बापू त्या दिवशी ओसरीवर बसून म्हणाले होते, "पोरगं चांगलं हाय म्हणं." चांगलं हाय! लांबून मयताची बातमी आली की अंगावरच्या कपड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग घरात पाऊल टाकायचं, अशी रीत आहे. वैजनाथनं बापूंचा दंड धरून त्यांना त्याच रानातल्या विहिरीवर नेलं. माघाची थंडी होती. बादली त्यानंच ओढली, पाणीही त्यानंच ओतलं, आधी स्वतःच्या डोक्यावर, मग बापूंच्या. "आपल्यासाठी मेली ती," म्हणाला. धोतर पायांना चिकटलेलं, टोपी हातात, बापू कुडकुडत उभे होते. "जिती हाय रे," एवढंच म्हणाले. तिथून महादेवाच्या देवळात. बेलभंडारा उचलायला लावला. तिचं नाव तोंडातून काढणार न्हाई, तिच्याशी बोलणार न्हाई. बापू त्या जातीचे होते की दिलेला शब्द मोडायच्या आधी हात मोडून घेतील. पाच वर्षांपूर्वी केवळाबाई गेली तेव्हा वर्षी जीप करून वेशीपर्यंत आली होती. वैजनाथनं जीप तिथूनच परत फिरवली, आणि आत बापू भिंतीकडं तोंड करून बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. शब्द पाळला. आणि म्हाताऱ्यानं आता ही वाट काढली होती. तोंडानं बोलणार नाही म्हणाले होते. लिहायचं कुणी काढलंच नव्हतं. नावसुद्धा घेतलं नव्हतं. रानाचं घेतलं होतं.

शेवटची बोलणी गेल्या आठवड्यातली होती. "वासरू तापलंय. मान टाकलीय." मग, "लातूरला आणलंय. काचंच्या खोलीत ठेवलंय, आत सोडत न्हाईत. मी भाईरून बघते." काचेच्या खोलीतल्या वासराबद्दल त्या परभणीवाल्यालाही काही सुचलं नव्हतं. काल, शनिवारी, बापूंनी तीनदा विचारलं होतं: आता कसं हाय? आता कसं हाय? कसं हाय? उत्तर आलेलं नव्हतं.

"दाढी करायलास का आंघोळीला पाणी काढू?" तनुजानं आतून विचारलं. "दोन मिनिटं," तो म्हणाला, आणि त्या दोन मिनिटांत त्यानं काम उरकलं. नियम त्याचाच होता, दिवाळीत त्यानंच लिहिलेला: जिथं विचारणारा एक आणि उत्तर देणारा एक, तो टॅग नव्हे. बाभळीचं रान 'कोरडवाहू'मधे गेलं. हाळीचं वावर गेलं. देवाचा तुकडा गेला. वर्षीचं रान सगळ्यात शेवटी गेलं. तिथं त्याला यंत्रानं नेहमीप्रमाणे विचारलं, तुमची खात्री आहे का? त्यानं होय म्हटलं. वासराच्या प्रश्नाला त्यानं चुकीच्या माहितीबद्दल कुलूप घातलं. कुलूप घातलेला प्रश्न, ज्यानं आधी उत्तर दिलंय त्याच्याशिवाय, कुणाला दिसत नाही, आणि त्यानं खाली काही लिहिलंच तर ते आधी व्यवस्थापकाकडं तपासायला येतं. त्यानं यादी पुन्हा वरपासून बघितली. 'वर्षावलंबी-शेती', मग लगेच 'वांगी'. मधे फटही नव्हती. अशी यादी बघितली की त्याला छातीत मोकळं वाटायचं, तसं आताही वाटलं, आणि तो दाढी करायला उठला. गालाला साबण लावताना आरशात त्याचं लक्ष स्वतःच्या कानांकडं गेलं. ते आईवर गेलेले होते, लहान आणि चिकटलेले.

सोमवारी रजा टाकून तो लातूरला गेला. मुलगी, प्रियदर्शनी, तिथं वसतिगृहात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिला तिळाचे लाडू द्यायचे होते, तो बेत आधीपासूनचा. लाडू देऊन झाले, तिनं दाराशीच उभ्या उभ्या डबा घेतला, "पप्पा, टेस्ट हाय, जाते," म्हणाली आणि गेली. बसला दोन तास होते. दोन तासांत लातुरात माणूस कुठंही जाऊ शकतो. वैजनाथ दवाखान्यांच्या रस्त्याला गेला. आपण सहज चाललोय असं तो स्वतःला सांगत होता आणि प्रत्येक पाटी वाचत होता. तिसऱ्या का चौथ्या दवाखान्याच्या पायरीवर ती बसलेली दिसली. उसाच्या गाड्यामागं तो थांबला. वर्षी जाड झाली होती. केस पुढून पांढरे झालेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मांडीवर एक लहानसा हिरवा स्वेटर होता, त्याची ती घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. शेजारी गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी असलेला एक माणूस पायरीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं. हाच तो मल्लेश असावा. चरख्यातून उसाचा चोथा बाहेर येत होता, गाडीवाला विचारत होता, आलं टाकू का, लिंबू टाकू का. रस्ता वीस पावलांचा होता. तेवढ्यात वर्षीनं मान वर केली आणि सरळ त्याच्याकडं बघितलं. तिनं बघितलं, आणि गाड्याकडं बघावं तसं त्याच्यावरून नजर फिरवून पुन्हा स्वेटरची घडी घालायला लागली. ओळखलं नाही. सख्ख्या भावाला ओळखलं नाही! हे त्याला इतकं लागलं की बसमधे बसल्यावर लोह्यापर्यंत तो तेच घोकत होता. आपली माणसं विसरायला हिला बरं जमलं. काचेच्या खोलीत कोण आहे याचा त्याला वाटेत एकदाही विचार आला नाही. किंवा आला असेल, त्यानं तो पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टोपीकडं बघून घालवला.

बुधवारी दुपारी ग्रंथालयात, परत आलेल्या पुस्तकांवर शिक्का मारताना, त्याच्या मोबाईलवर घंटी वाजली. तपासणीसाठी एक उत्तर. कुलूप घातलेल्या प्रश्नाखाली शिवांशच्या आईनं लिहिलं होतं: "वासरू उठलं. काल घरी आणलं. ज्वारीची पेज पिलं, मागून मागून पिलं. आज्जा कुठंय म्हणलं. इतकं सांगायचं होतं. रान दिसंना म्हणून हितंच लिहिते." खाली दोन बटणं. मान्य. अमान्य. त्यानं ते दोनदा वाचलं. मुलगा वाचला याचं त्याला वाईट वाटलं नाही, तेवढा तो वाईट नव्हता. हातातल्या पुस्तकावर त्यानं शिक्का उलटा मारला. मान्य म्हटलं की हे बापूंना दिसणार. अमान्य म्हटलं की पुसलं जाणार. त्यानं काहीच म्हटलं नाही. ग्रंथालयात एखादं पुस्तक कुठल्या विषयात घालावं कळलं नाही की ते खिडकीच्या खालच्या फळीवर ठेवून देतात आणि ते तिथं वर्षानुवर्षं राहतं. त्यानं मोबाईल खिशात टाकला.

शुक्रवारी सकाळच्या रेल्वेनं बापू आले. सांगून आले नव्हते. धोतर, सदरा, वरून लोकरी कानटोपी आणि तिच्यावर पांढरी टोपी, काखेत हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा. चार महिन्यांत माणूस एवढा वाळतो हे वैजनाथला ठाऊक नव्हतं. सोफ्याच्या अगदी कडेवर ते बसले, डहाळे मधल्या टेबलावर ठेवले. "आंघोळ करून निघालाव का बापू, का पाणी ठेवू?" तनुजानं विचारलं. "पहाटंच केली, माय. च्या दे फक्त." चहा आला, तनुजा आत गेली. बापूंनी बशीत ओतला आणि प्यायले नाहीत.

"वैजू, ते बांधावर बिघडलंय का?"

"बिघडलं कशाला? चालू हाय."

"माजी रानं दिसंनात." त्यांनी मोबाईल काढला. त्याच्या काचेला तडा होता आणि वर हळदीचा डाग होता. "वर…" म्हणाले आणि थांबले, ओठ मिटले. "खालचं रान दाबलं की कोरडवाहू म्हणतंय. बाभळीचं दाबलं तरी कोरडवाहू. तितं हजार माणूस हाय, लातूरचं, बीडचं, कुटलं कुटलं. माजं कुटं गेलं?"

"साफसफाई करतात मधनंमधनं. एकाच अर्थाची लई नावं झाली की एकात घालतात."

"एकाच अर्थाची कशी? चार रानं हायत."

वैजनाथनं चहाचा घोट घेतला.

"कोण करतंय हे?"

"असतो एक व्यवस्थापक."

"कुटला?"

"काय की. पुण्याबिण्याचा असंल."

"मंग बराबर हाय," बापू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच सुटल्यासारखं काहीतरी होतं. "त्याला काय म्हाईत आपलं रान. त्याला सांगता येतंय का? अर्जबिर्ज?"

येत नाही म्हणता आलं असतं. पण बापूंनी जन्मात त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. औत सोड, पाणी बघ, असं सांगितलं होतं, मागितलं नव्हतं. बाप आपल्याकडं कसा मागेल हे ऐकायची त्याला एकाएकी फार इच्छा झाली. त्यानं बापूंचा मोबाईल हातात घेतला, अर्जाची चौकट उघडली आणि म्हणाला, "सांगा, लिहितो." बापू सावरून बसले. टोपी सारखी केली, जणू साहेब समोरच होता.

"लिही. व्यवस्थापक साहेबास शेषेरावचा रामराम. आमची चार रानं तुमच्याकडून चुकून एकात गेली. तुमचा दोष न्हाई, लांबून समदी माती काळीच दिसते." ते थांबले. वैजनाथ 'न्हाई'चं 'नाही' करत टाईप करत होता. "येक वासरू आजारी हाय. त्याची खबर त्या रानात येनार व्हती. आठ दिस झाले, भाकर गोड लागंना. रानं नका देऊ. खबर तेवडी द्या."

"झालं?"

"झालं. हात जोडले म्हणून लिही."

त्यानं लिहिलं आणि पाठवलं. रोज कप्पे लावणाऱ्या माणसानं एवढी साधी गोष्ट ध्यानात ठेवू नये! टेबलावर, डहाळ्यांच्या भाऱ्याशेजारी पडलेल्या त्याच्या स्वतःच्या मोबाईलची घंटी वाजली आणि पडदा उजळला. बापूंची जुनी चौथी झालेली होती. ते वाकले आणि एक बोट हवेत फिरवत अक्षर अक्षर लावत वाचायला लागले. टॅग व्यवस्थापकासाठी नवीन अर्ज. शेषेराव, तालुका उमरी. व्यवस्थापक साहेबास शेषेरावचा रामराम. वैजनाथला हात पुढं करून मोबाईल उलटा करता आला असता. त्याचा हात मांडीवरून उठला नाही. आत तनुजानं कुकरची शिट्टी काढली, वाफ सुटल्याचा आवाज आला आणि थांबला. बापू मोबाईलकडं बघत होते, मग त्याच्याकडं, मग पुन्हा मोबाईलकडं. ओरडतील असं त्याला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, त्यालाही ओरडता आलं असतं.

"मंग तुला म्हाईत असंल," बापू हळू म्हणाले.

"काय?"

"वासरू वाचलं का?"

होकाराचा एक शब्द होता. हाव. तो त्याच्या जिभेवर आलाही, त्याची चवसुद्धा लागली. मग त्याला दिसलं की तो शब्द बाहेर पडला तर बापूंचा चेहरा कसा होईल. आणि तसा चेहरा आपल्यासाठी कधी झाला होता हे तो आठवायला लागला, आणि त्याला आठवेना. प्रियदर्शनी दिवाळीत बारा दिवस तापानं पडली होती. तिच्यासाठी कुणी कुठं प्रश्न टाकला होता? आल्यापासून बापूंनी तिचं नावही काढलं नव्हतं. आधी माझ्या लेकीचं विचारा, मग सांगतो, असं तो मनात म्हणत होता. आणि बापूंनी त्या क्षणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं, असं त्याला पुढं कायम वाटत राहिलं. बापूंनी विचारलं नाही. ते नुसते त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"कोणतं वासरू?" वैजनाथ म्हणाला. "आपल्याकडं जनावरं कुठं हायत आता?"

बशीतल्या चहावर साय धरली होती, ती बापूंनी बोटानं बाजूला केली आणि बोट धोतराला पुसलं. मग त्यांनी मान हलवली, दोनदा, कुणी काहीतरी सांगितल्यावर समजलं म्हणून हलवतात तशी.

"बरं," म्हणाले. "नको सांगू. तुज्या जिवावर येतंय सांगायला, समजतंय मला. तूबी लेकराचा बाप हायस. चांगली खबर असती तर कोण कशाला दडवून ठिवंल." ते उठले. उठताना त्यांनी आधाराला वैजनाथच्या डोक्यावर हात ठेवला, आणि उभे राहिल्यावरही तो तिथंच राहू दिला. हात खरखरीत होता. "लई दिस तुला वाईट समजून राहिलो, वैजू. आसं कुनाला तोंडानं सांगवत न्हाई. मलाबी सांगवलं नसतं."

त्यांनी टोपी काढून डहाळ्यांवर ठेवली, कानटोपी काढून तिच्याशेजारी ठेवली, आणि धोतर-सदऱ्यानिशी मोरीत गेले. दाराची कडी लागली. नळ सुरू झाला, बादलीचा आवाज आधी पोकळ, मग भरत भरत जड होत गेला. वैजनाथ जागचा हलला नाही. डोक्यावर जिथं हात होता तिथं अजून ऊब होती. त्यानं मोबाईल उचलला. अर्जाच्या खाली, बुधवारपासून, ते उत्तर तसंच होतं. वासरू उठलं. मान्य. अमान्य. मोरीच्या दारापर्यंत सहा पावलं होती आणि दार पातळ होतं. बसल्या जागेवरून हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं. पहिला तांब्या पडला. पाणी नुसत्या फरशीवर पडलं की फटकन वाजतं. कपडे घातलेल्या माणसावरून ते येताना वेगळं, बसक्या आवाजात येतं. नऊ वर्षांपूर्वीचा विहिरीवरचा आवाज हाच होता.

दुसरा तांब्या पडला तेव्हा तनुजा हात पुसत बाहेर आली.

"बापू परत आंघोळीला कामून गेले? पहाटंच केली म्हणले की. अन् गरम पाणी बी मागितलं न्हाई, एवढ्या थंडीत."

आत तिसरा तांब्या पडला.

"उकडत असंल," वैजनाथ म्हणाला.